मुतखड्याच्या रिपोर्टातलं फुप्फुस

साहेब, माणसाला तुम्ही रकान्यांत कोंबलंत आणि रकान्यात मावलं नाही ते मरायला मोकळं सोडलंत. जळगावच्या एसी केबिनमध्ये बसून हे रिपोर्टचं सॉफ्टवेअर धुळ्याच्या सीटी स्कॅन सेंटरवर लादलंत, तेव्हा विचारलं होतं कुणाला? मुतखड्याचा रिपोर्ट उघडला की किडनी, मूत्रनलिका, मूत्राशय, सगळ्यांपुढे 'नॉर्मल' आधीच छापलेलं. डॉक्टरने खडा कुठे आहे तेवढं भरायचं. त्यापलीकडचं काही 'इतर'मध्ये लिहिलं की रिपोर्ट अडकला. तुमची मंजुरी येईस्तोवर हलत नाही.

पण मनातल्या मनात सगळं जळगावच्या साहेबांच्या माथी मारूनही डॉ. पुनमची सुटका होत नव्हती. कारण डाग तिने पाहिला होता.

नरडाण्याकडचा वना पोट धरून आला होता. पोटाच्या सीटीत वरच्या टोकाला फुप्फुसाचा तळ थोडासा येतोच. तिथे वाटाण्याएवढा डाग. तिचा हात 'इतर'वर गेला, तोच टेक्निशियन भटू म्हणाला, "मॅडम, तिथं बोट लावलं का जळगावचा फोन आलाच समजा. बाहेर जत्रा भरलीय!"

ती हसली. ते हसणं आता तिला टोचत होतं. रिपोर्ट तसाच पाठवला. म्हटलं, छातीचा सीटी करून घे म्हणून तोंडीच सांगू. बाहेर येईतो वना रिपोर्ट घेऊन एसटी स्टँडवर पोचलेला. उद्या फोन करू, म्हणाली. उद्या दुसरी जत्रा होती.

वर्ष उलटलं. आज वना रक्त थुंकत परत आला. छातीच्या सीटीत डागाच्या जागी लिंबाएवढी गाठ. तो बाहेर बाकावर आडवा झाला आणि त्याची बायको भिकुबाई आत आली.

"डॉक्टरीणबाई, हाई गाठ एवढी कवय वाढनी? मांगला रिपोर्टमा तं बठ्ठं चांगलं शे म्हणे."

भटू मध्ये पडला. "अक्का, तवय मुतखडानी तपासणी व्हती. छातीनी नही."

पुनमला ते वाक्य हवंहवंसं वाटलं. त्याच्या आड उभं राहावं, बस. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. नुसती 'हो' म्हणून मान हलवायची होती. मान हलेना.

"तू गप रे भाऊ." भिकुबाईने खुर्ची ओढली आणि पुनमच्या समोर बसली. "मुतखडानं माले नही पुसनं. फोटू तुम्हीन दखा व्हता ना? मंग तुम्हले तवय हाई दिखनं व्हतं का नही? बोला."