माझ्या पोटातली हवा काढा

मी स्टीलचा एक जुना, जाडजूड डबा आहे. मित्रांनो, डबा म्हटलेलं मला चालतं. भंगार म्हटलेलं चालत नाही.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सोमनाथ मिस्त्रींनी मला वेल्डिंग करून घडवलं आणि नाशिकच्याच एका कॉलेजच्या लेझर प्रयोगशाळेत पोचवलं. माझं काम ऐकाल तर हसाल. पोटात काहीच ठेवायचं नाही, हवासुद्धा नाही. पंप ती ओढून घेई. मग बारीक नळीतून आरगॉन वायूची फुंकर आत येई आणि तिच्यावर सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही लहान असा लेझरचा ठोका बसे. त्याने अणूतला इलेक्ट्रॉन बाहेर खेचला जाई आणि उलट फिरून अणूवर आदळताना नवा प्रकाश देई. त्याच्या लहरी लेझरहून कितीतरी आखूड. डोळ्यांना न दिसणारा, पण लेझरसारखाच शिस्तीत चालणारा. साधी हवा त्याला गिळून टाकते. म्हणून तर मी!

पुढे प्रयोग बंद पडले. मला झाकणाशिवाय फरपटत व्हरांड्यात नेलं. लोक माझ्यावर बसत, आत ओल्या छत्र्या कोंबत. मी गंजलो नाही.

मग येवल्याची चैताली संशोधनासाठी आली. तिने मला परत आत नेलं, पुसलं, पंप लावला. पण आत हवा शिरतच राहिली. झाकणाचं रबरी कडं जिथे बसतं त्या खाचेत तिला ओरखडा सापडला. विभागप्रमुख धनराज सर म्हणाले की हा भंगारात द्या, खोली रिकामी हवी आहे.

"सर, ओरखडा त्याने पाडून घेतलेला नाही, आपण पाडलाय," चैताली म्हणाली. "मी तो घासून काढते. प्रकाश नाही आला, तर मीच याला टेम्पोत चढवीन."

ती घासत राहिली. हाताला फोड आले, तरी थांबली नाही. शेवटी हवा निघाली. लेझर सुटला. ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्याने त्याला अडवलं, नव्या प्रकाशाला मात्र वाट दिली आणि पलीकडच्या कॅमेऱ्यावर त्याच्या ठिपक्यांची ओळ उमटली.

लेझरच झिरपला असेल, असं सरांचं म्हणणं. चैतालीने आरगॉन बंद केला. लेझर चालूच होता, ठिपके मात्र गेले. आरगॉन सोडला, ठिपके आले. सर खुर्ची ओढून बसले.

"पुन्हा बंद कर," ते म्हणाले. "मला नीट बघू दे."

खोली आमच्याकडेच राहिली. मित्रांनो, मला हार घालू नका, काचेच्या कपाटात ठेवू नका. हातमोज्यांशिवाय आत हात घालू नका, बोटांचं तेल चिकटतं; झाकण जमिनीवर टेकवू नका. आणि मला काम द्या. घासून घ्यायला मी केव्हाही तयार आहे. बाजूला बसायला नाही.