डावरी गाठ

वडगावात सायकली होत्या पाच-पंचवीस, पण जोतिरामच्या सायकलीचे लाड पोटच्या पोरालासुद्धा मिळाले नसते. अवसेला माग बंद. बाकीचे विणकर त्या दिवशी देवळाच्या कट्ट्यावर पत्ते कुटायचे, आणि हा पठ्ठ्या दारात पोतं अंथरून पेडलं खोलून बसायचा. आतले पोलादी छर्रे राकेलात धुवायचा, पितळी ताटलीत मोजायचा. एका पेडलात चोवीस. बारा आतल्या तोंडाला, बारा बाहेरच्या. ग्रीस माखून एकेक परत बसवला की त्यांना दाबून धरणारा वरचा पोलादी कोन अडकेपर्यंत आवळायचा आणि मग पाव फेरा मागं घ्यायचा.

"लई आवळलं की दात खातंय, लई सोडलं की डुलतंय. बायकूसारखंच हाय ह्ये," तो म्हणायचा.

"पेडलाला निदान ग्रीस तरी मिळतंय," आतनं अंजनी ऐकवायची.

शेवटचं काम मात्र कुठल्या मिस्त्रीला ठाऊक नव्हतं. धूळ आत जाऊ नये म्हणून पेडलाच्या दांडीला मुळाशी तुटक्या रेशमाचे पाच वेढे द्यायचे आणि वर विणकराची गाठ मारायची. ही युक्ती त्यानं एकालाच शिकवली होती, धाकट्या भावाला, भरमूला. बाप गेला तेव्हा भरमू आठ वर्षांचा. जोतिरामनं त्याला आपल्या ताटात जेवू घातलं, मागावर बसवलं, कणकुंबीची पोरगी बघून लग्न लावून दिलं. भरमू डावखुरा. त्याच्या गाठीचं शेपूट उलट्या अंगाला पडायचं, आणि जोतिराम हसायचा, "तुझी गाठ मी आंधळा झालो तरी वळखीन रं!"

दुसऱ्या महायुद्धाचं चौथं वर्ष होतं. रेशीम मिळेना, छर्रे तर औषधालाही मिळेनात. निम्मे माग धूळ खात पडलेले. अशात निपाणीच्या एका पेठेवाल्या शेटजींचा सांगावा आला. लग्नसराईची लुगडी यंदा एकाच विणकराला देणार, रेशीमही तेच पुरवणार. बाजारादिवशी दुपारी बारापर्यंत नमुना दाखवा, बारानंतर शेटजी कोल्हापूरला जाणार. जोतिरामचा माग दोन महिने बंद होता. हे काम मिळालं तर घर तरलं, नाहीतर माग विकून मजुरीला जायचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यानं जीव ओतून नमुना विणला. काठावर चवळीच्या शेंगा, असा काठ पंचक्रोशीत कुणी काढला नव्हता.

"मोटारनं जाऊ का रं?" त्यानं भरमूला विचारलं.

"कोळशावरची मोटार ती! चढाला लोकांनी ढकलायची. तिचा काय भरवसा, आण्णा? तू आपला सायकलनंच जा."

भावाच्या तोंडचं बोलणं. जोतिरामला पटलं. निपाणी वीस-बावीस कोस, म्हणून मध्यरात्र सरताच तो निघाला.

यमकनमर्डी मागं पडली तसं उजवं पेडल कुरकुरायला लागलं. जोतिराम चपापला. पाचच दिवसांपूर्वी अवसेला आपल्या हातानं बसवलेलं पेडल, कुरकुरेल कसं? संकेश्वरपर्यंत ते दळायला लागलं, आणि तवंदीचा घाट लागला तिथं गच्च बसलं. दहा वाजून गेले असतील. निपाणी अजून दोन-अडीच कोस, त्यात चढ. त्यानं रस्त्याकडेला सायकल आडवी केली, पान्हा काढला, पेडल खोललं.

आत छर्रे नव्हते. म्हणजे होते, पण पोलादाचे नव्हते. शिशाचे, बंदुकीच्या काडतुसातले! दाबून दाबून त्यांच्या चपट्या चकत्या झाल्या होत्या.

"भावक्या! मुडदा बशिवला तुझा!" तो ओरडला. भावकू मिस्त्रीकडं शहापुरात परवाच पंक्चर काढलं होतं. छर्रे मिळत नाहीत म्हणून चोरले असणार, आणखी काय? त्यानं भावकूच्या सात पिढ्या उद्धारल्या, आणि उद्धारता उद्धारता हात थांबला. दांडीला रेशमाचे वेढे होते, मोजून पाच. वर गाठ होती. मिस्त्रीला हे कुठनं ठाऊक?

त्यानं गाठ उन्हाकडं धरली. शेपूट उलट्या अंगाला पडलं होतं.

"न्हाय," तो मोठ्यानं म्हणाला. परत बघितलं. डोळे मिटून बोटांनी चाचपलं. भरमूचा सासरा कणकुंबीच्या रानात शिकारीला जातो, घरात काडतुसं असतात, हेही नको तेव्हाच आठवलं. 

तेवढ्यात घरघर ऐकू आली. धूर ओकत मोटार चढत होती. जोतिराम रस्त्याच्या मधोमध धावला, दोन्ही हात वर केले. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, मोटार बाजूनं काढली. खिडकीतल्या एका माणसानं उपरण्यात तोंड लपवलं. एवढंच दिसलं.

सायकल ढकलत तो निपाणीत पोचला तेव्हा एक वाजत आला होता. शेटजी गेले होते. दिवाणजींनी त्याच्या लुगड्याची घडी उलगडली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अहो, हाच काठ सकाळी बघितला की! वडगावचाच माणूस, भरमू म्हणून. थोरला भाऊ अंथरुणाला खिळलाय म्हणाला. काम भरमूच्या नावावर झालं. तुमचे कोण ते?"

"कोण न्हाईत," जोतिराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला, तर ओसरीवर नवं रेशीम पडलेलं, आणि ताण्यासमोर भरमू बसलेला. जुन्या ताण्याच्या उभ्या धाग्यांना नवे जोडायचे म्हणजे हजारो गाठी. दोघांनी समोरासमोर बसल्याशिवाय ते काम होत नाही, आणि वीस वर्षं त्या जागी हे दोघेच बसत आले होते. अंजनी दारात डोळ्यांना पदर लावून उभी होती.

"ये आण्णा," भरमू मान खाली घालून म्हणाला. "काम घरातच आलंय की. किती दिस जोत्याचा धाकटा म्हणून जगायचं मी? शेजारच्या मागावर चोरून नमुन्याचं लुगडं विणलं. एकदा माझं नाव लागावं, एवढंच मनात हुतं." त्यानं एक डबी पुढं सरकवली. "छर्रे हायती. मोजून घे, एक बी हरवला न्हाय."

जोतिरामनं ताटलीत छर्रे ओतले आणि मोजले. चोवीस भरले.

"घाटात मोटारीत तू हुतास?"

भरमू ताण्याचे धागे सारखे करत राहिला.

"मी हात केलतो. दोन्ही हात केलतो. बघितलंस?"

"...व्हय."

"काठ चोरलास, छर्रे काढलेस, ते मी गिळलं असतं रं. ल्हान हाय म्हणून गिळलं असतं." जोतिरामचा आवाज फाटला. "पर मी भर उन्हात रस्त्यात हात करून उभा, आणि तू तोंड झाकलंस!"

"आण्णा, चुकलं. बस की समोर. तुझ्याबिगर सांधणी हुईत न्हाय."

जोतिराम बसला नाही. ताटली घेऊन तो दारात गेला, पोतं अंथरलं, पेडल मांडीवर घेतलं. अवस नव्हती, तरी बसला. बारा छर्रे आत, बारा बाहेर, कोन आवळला, पाव फेरा मागं घेतला. मग दांडीवरचं भरमूचं रेशीम कात्रीनं कापून टाकलं, आणि स्वतःच्या धोतराचा दोरा ओढून पाच वेढे दिले.

ओसरीवर भरमू धाग्याचं टोक धरून, समोरच्या रिकाम्या पाटाकडं बघत, किती तरी वेळ तसाच बसून होता.