आजच्या जुड्या

"आज किती निघाल्या?" दादाने दवाखान्यातून फोनवर विचारलं, आणि कोबीच्या रोपांना पाणी देता देता धाकटा भाऊ म्हणाला, "चाळीस जुड्या."

"वेळेवर कापल्यास ना? फूल झाडावरच उमललं तर पुढची काडी बारीक येते, बाबा."

"कापल्या, दादा. बांधून खड्ड्यात टाकल्या."

धादांत खोटं! बागेत गुलाबाचं एक झाड उरलं नव्हतं.

साथ आली, बाजार बंद झाला, फुलांची गाडी यायची थांबली. पण बाजार बंद आहे हे गुलाबाला कोण समजावणार? कळ्या यायच्या तेवढ्या येतच होत्या. झाड बिघडू नये म्हणून सगळं गाव रोज फुलं कापायचं आणि खड्ड्यात ओतायचं. त्यातही दादाची तऱ्हा न्यारी. टाकायच्या फुलांच्यासुद्धा तो वीस-वीसच्या नीट जुड्या बांधायचा. लोक हसले की म्हणायचा, "हाताची सवय मोडली की संपलं."

मग दादाच तापाने आडवा झाला. त्याला नेल्यावर चार दिवस धाकट्याने एकट्याने फुलं कापली आणि पाचव्या दिवशी त्याचं डोकं फिरलं. फेकण्यासाठी किती राबायचं माणसाने? त्या जागी कोबी लावायचा म्हणून त्याने ट्रॅक्टर बोलावला. दादाने बारा वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने बांधलेली कलमं जेवणाच्या वेळेआधी आडवी झाली. वहिनी बांधावर उभी होती. 

संध्याकाळी दादाचा फोन आला. धापा टाकत त्याने पहिली चौकशी केली ती बागेची. धाकट्याची जीभ रेटेना. तो चाळीस म्हणून मोकळा झाला, आणि एकदा म्हटल्यावर रोजच म्हणावं लागलं.

"भाऊजी, सांगून टाका," वहिनी म्हणाली. "रागावतील ते. पण रागावायला तरी उठून बसतील."

"घरी येऊ दे त्याला. समोर बसून सांगतो. हवं तर मारू दे मला."

दादाच्या आवाजात आता फुंकरीइतकाही जोर नसायचा, पण हिशेब पक्का. एकदा म्हणाला, "उकाडा वाढलाय. आज पन्नास तरी असतील?"

"पन्नासच!" धाकटा घाईने म्हणाला. आयता आकडा मिळाला म्हणून त्याला हायसंदेखील वाटलं. पुढे त्या आठवणीने त्याला स्वतःचीच किळस आली.

ट्रॅक्टर फिरल्यापासून अकराव्या दिवशी गावभर बातमी पसरली, सोमवारपासून गाडी सुरू! शेजारचे फुलवाले एकमेकांना ओरडून सांगत होते. धाकटा कोबीच्या वाफ्यात उभा होता. फोन वाजला. दादाच होता. आता तो गाडीत काय भरणार ते विचारेल. काय सांगायचं त्याला? धाकट्याने फोन वाजू दिला. उद्या बोलू, उद्या सगळं खरं सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला तो दवाखान्याचा.

महिन्याभराने फुलांच्या गाडीचा ड्रायव्हर, गावातलाच, भेटायला आला. तोही त्याच वॉर्डात होता, दादाच्या शेजारच्या खाटेवर. पार वाळून गेला होता बिचारा. बांधावर टेकून त्याने दम खाल्ला.

"तुझा ट्रॅक्टर पाहिला होता मी," शेवटी तो म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी मला ताप भरला. वॉर्डात गेल्या गेल्या बोलून बसलो रे दादाजवळ. मला काय माहीत, तू सांगितलं नाहीस म्हणून!"

धाकट्याने हातातलं खुरपं खाली ठेवलं. "म्हणजे... त्याला ठाऊक होतं? मग रोज का विचारायचा?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणतो, 'एकटा पडलाय रे. आकडा सांगताना तरी त्याचा आवाज जरा बरा येतो.' फोन ठेवला की नर्सबाईला ऐटीत सांगायचा, आज चाळीस, आज पन्नास."

"आणि शेवटच्या दिवशी? मी उचलला नाही फोन."

"हो. दोनदा लावला त्याने." ड्रायव्हरने मान खाली घातली. "मग बाईंनी विचारलं, आज किती? तर म्हणाला, साठ."

धाकट्याने कोबीकडे पाहिलं. 

"साठ कधी निघाल्या नव्हत्या आमच्या बागेत."