मागचे दोन, मऊ

माझ्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकच सांगतं, "मी गाडी अगदी सावकाश चालवतो हो." मी मान डोलावते, जॅक लावते, चाक उतरवते आणि टायरवरून तळहात फिरवते. बाबांनी दुकान माझ्या हवाली करताना एवढंच बजावलं होतं, माणसाला विचारत बसू नकोस, टायरला विचार. तेवीस वर्षं झाली, टायरने मला एकदाही फसवलेलं नाही. माणसांचं विचारू नका.

त्या सकाळी आले ते आमचे भावोजी, ताईचे यजमान. दातांचे डॉक्टर. आयुष्यभर लोकांना "आ करा" म्हणाले, आणि निवृत्त झाल्यावर गाडी अशी घेतली की रस्त्यावरच्या लोकांनी आपणहून आ करावा. साडेचारशे घोड्यांची ताकद, आणि ती सगळी मागच्या दोन चाकांवर! ती गाडी हा गृहस्थ फक्त रविवारी काढतो, तीही गोगलगायीसारखी. बरोबर ताई होती. साठीची, शांत, पर्स मांडीवर धरून बाकावर बसलेली.

"मागचे दोन बदलायचेत," भावोजी म्हणाले. "आणि हे बघ, कडक रबराचे दे. तुझ्याकडे असतील नसतील त्यातले सगळ्यात कडक."

"या गाडीला? भावोजी, सुटाबुटातल्या माणसाला स्लिपर घालता का?"

"मी सावकाश चालवतो गं."

झालं! मी जॅक लावला.

उजवं चाक उतरवून हात फिरवला आणि चमकलेच. मधली नक्षी जेमतेम अर्धी झिजलेली, पण बाहेरची कड साफ गुळगुळीत. खोडरबर घासल्यावर वळ्या पडतात ना, तशा रबराच्या बारीक वळ्या कडेला चिकटलेल्या. डाव्या टायरला यातलं काही नाही. म्हणजे गाडी सारखी डावीकडेच वळते, जोरात वळते, आणि वळण संपायच्या आत कुणीतरी पाय दाबतं. सलग डावी वळणं असलेला रस्ता आमच्याकडे एकच, टेकडीला वळसा घालणारा.

माझं डोकंच फिरलं. "भावोजी, वय काय तुमचं? डोकं ठिकाणावर आहे ना? टेकडीच्या रस्त्यावर शर्यती लावता?"

"मी? अगं, पन्नासच्या वर काटा गेला नाही कधी माझा," ते शांतपणे म्हणाले. टायरकडे मात्र बघतच राहिले.

तेवढ्यात माझं लक्ष ताईकडे गेलं. ती भिंतीवरचं टायरचं चित्र असं बघत होती, जणू घरचं पत्र आलंय. आणि तिचे कान लाल झाले होते. लहानपणी लाडू चोरले तरी हेच व्हायचं. पोहण्याचा तलाव टेकडीच्या रस्त्यावरच आहे. आठवड्यातून तीनदा ताई पोहायला जाते, लहान गाडी घेऊन. असं सगळ्यांना सांगते.

अगं बाई! बोलले तर ताईच्या हातातली किल्ली जाणार. तीस वर्षं भावोजींच्या दवाखान्यात टेबलामागे बसून लोकांना नंबर देत राहिली ती, आणि गेले काही महिने कशी खुलली होती! मला वाटायचं, पोहण्यामुळे. आणि गप्प बसून कडक टायर घातले तर पहिल्याच ओल्या सकाळी ताईच जाणार.

"कडक टायर मी बसवणार नाही," मी म्हणाले.

"का? कडक असले की गाडी जरा आवरते ना? पळत नाही तेवढी."

"हे कुणी शिकवलं तुम्हाला? कडक टायर गाडी हळू करत नाही, रस्ता लवकर सोडतो. वळणात मागची बाजू गर्रकन पुढे येते. मऊ रबर धरून राहतं. झिजेल लवकर, पण चालवणारं माणूस घरी येतं."

भावोजींचा चेहरा पांढराफटक पडला. ते ताईशेजारी बाकावर टेकले. "मला वाटलं, कडक घातले की ती हळू जाईल."

"ती म्हणजे गाडी?"

"गाडी आपणहून कशी जाईल?" ते माझ्यावरच खेकसले.

मग ताईने हळूच विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"चार महिने झाले. लहान गाडीच्या काचेवर धुळीचा थर आहे. आणि मोठीची सीट, मी मागे घेतो, तू दोन बोटं पुढे घेतेस."

"मग बोलला का नाहीत?"

"तू घरी येतेस ती गुणगुणत येतेस," भावोजी म्हणाले. "बोललो असतो तर सोडून दिलं असतंस. माझ्यासाठी सोडलेल्या गोष्टी काय कमी आहेत तुझ्या?"

माझे डोळे भरून आले, म्हणून मी उगाचच ओरडले, "माझा पाना कुणी घेतला?" पाना माझ्याच हातात होता.

मऊ टायरच्या दोन जोड्या होत्या. एक शर्यतीची, जवळजवळ सपाट. दुसरी खोल नक्षीची. ताई उठली, दोन्हींत नख रुतवून बघितलं. "शर्यतीचा नको. तो तापल्याशिवाय धरत नाही, आणि सकाळच्या गारठ्यात टेकडी येईपर्यंत तापणार नाही. पाणी कापणारा दे, खोल नक्षीचा."

मी बघतच राहिले. दुकान बाबांनी चुकीच्या मुलीला दिलं की काय!

तासाभरात दोन्ही बसवून गाडी खाली उतरवली. भावोजींनी खिशातून किल्ली काढली, ताईच्या तळहातावर ठेवली, आणि वळसा घालून दुसऱ्या दाराने आत बसले. पट्टा लावला. दोनदा ओढून बघितला.

"नवं रबर निसरडं असतं," मी खिडकीशी वाकून दम दिला. "पहिले दीडशे किलोमीटर सांभाळून!"

"मी अगदी सावकाश चालवते गं," ताई म्हणाली, कान लालभडक.

भावोजींनी वरची कडी दोन्ही हातांनी धरली आणि मोठ्ठा आ केला.