मी शालूबाईंच्या चेहऱ्याची बाहुली

मी एक हातबाहुली बोलतेय. बेळगावातल्या निरीक्षणगृहात, गुन्ह्यात सापडलेल्या पोरांना खटल्याचा निकाल लागेपर्यंत ठेवतात तिथं, माझा जन्म झाला.

दर शनिवारी सुवर्णाक्का पोरांना नाटक शिकवायला येतात. कागदाचा लगदा त्यांनी आणला. नाकडोळे केले मंथननं. निपाणीचा हा सोळा वर्षांचा पोरगा दुसऱ्याची मोटारसायकल पळवून आत आलेला. शहापूरच्या हातमागावरच्या साडीचा तुकडा मला नेसवताना तो म्हणाला, "आईच्या लुगड्याला तंबाखूचा वास येतोय. हिला न्हाय."

तेव्हा मला कळलं, मी कोण ते. त्याची आई शालूबाई निपाणीत विड्या वळतात. पोलीस ठाण्यात त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "ह्यो माझा पोरगाच न्हाय." त्यानंतर भेटायला आल्या नव्हत्या.

पोरांच्या नाटकात एक मुलगा घरी परततो, दार वाजवतो. त्या मुलाची बाहुली मष्णू नावाच्या पोराच्या हातात, आई म्हणजे मी मंथनच्या. तालमीत अक्का विचारायच्या, "आई काय म्हणती रं?" मंथन माझा पदर नीट करत बसायचा. माझ्या मानेतली त्याची बोटं घामेजायची.

प्रयोगाला पालकांना बोलावलं होतं. पडद्याच्या फटीतून मंथनला शालूबाई दिसल्या आणि तो मला हातातून काढायला लागला.

"अक्का, मी न्हाय करत. ती काय म्हणंल, मला कुठं ठावं हाय?"

"मग गप ऱ्हाऊ दे तिला. पण उभी तर कर."

मी उभी राहिले. मष्णू म्हणाला, "आये, दार उघड की." मी मुकी. मागं कुणीतरी फिदीफिदी हसलं. मष्णूनं पुन्हा हाक मारली.

तेवढ्यात समोरून आवाज आला, "कडी लावल्याली न्हाय. ये की रं आत."

शालूबाई उठून उभ्या होत्या, माझ्याकडं बघत. माझ्या आत मंथनची मूठ घट्ट आवळली. तो तसाच खाली बसून रडला. पडद्याबाहेर आलाच नाही. वेळ संपली म्हणून शिपायानं पालकांना बाहेर काढलं.

आज सकाळी मंथनला सुनावणीला नेलं. जाताना त्यानं मला मागितलं. सामान संस्थेचं, म्हणून दिलं नाही. आता कपाटात मला नुसता घोर लागलाय. शालूबाई तिथं आल्या असतील का? बाहुलीला 'ये' म्हणणं निराळं. साहेबांसमोर, खऱ्या पोराकडं बघून, 'ह्यो माझाच' म्हणायला त्यांची जीभ वळली असेल का?

तुमच्यापैकी कुणी निपाणीला जाणार असाल, तर विड्या वळणाऱ्या शालूबाईंचं घर विचारा. त्यांच्या शेजारी एक पोरगा जेवायला बसलेला दिसला, तर त्याला हाक मारू नका. जेवू द्या. मला तेवढं येऊन सांगा.