मिटायला सोपा

गाडीच्या टपावर तंबू बसवायचा, हे दोघांचं ठरून बरीच वर्षं झाली होती. कोणता, ते काही ठरत नव्हतं. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, बायको पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. दोघंही मोजल्याशिवाय मान न डोलावणारी. कापडी तंबू भिजला की वाळवत बसा, म्हणून तो बाद. कडक कवचाचा घ्यावा, तर एकाचं वजन जास्त, दुसऱ्याची गादी पातळ. "नवरा निवडताना तरी इतकी चौकशी केली होतीस का गं?" नणंद विचारायची.

मग त्याच्या फुप्फुसांचं निदान झालं आणि डॉक्टर वर्षांऐवजी महिन्यांत बोलू लागले. पुढच्याच रविवारी तो म्हणाला, "चल, तंबू घेऊन टाकू."

दुकानामागच्या शेडमध्ये दोन गाड्यांवर दोन तंबू उघडून ठेवले होते. एक चांगला ऐसपैस, चारही बाजूंनी सरळ वर उचलला जाणारा. दुसरा अरुंद, पेटीच्या झाकणासारखा एकाच बाजूने उघडणारा. ती शिडी चढून दोन्हींत आडवी होऊन आली. तो खाली स्टुलावर बसून राहिला. शिडीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

"रुंदच घेऊ," ती म्हणाली. "तुला उशा उंच लागतात. कूसही बदलता येईल."

"आपल्या टपाला झेपेल? नाकापेक्षा मोती जड व्हायचा."

"झेपेल. मी बघितलंय."

तिने बघितलंय म्हटल्यावर वाद संपायचा. तो दुकानदाराकडे वळला. "एकट्या माणसाला मिटता येतो का हा?"

"उघडायला काहीच नाही, साहेब," दुकानदार खुलला. "खिटी काढा, गॅसचे दांडे झाकण आपोआप वर ढकलतात. मिटताना मात्र त्याच दांड्यांशी कुस्ती. रुंदवाल्याला दोघं लागतात. पण तुम्ही दोघं आहातच की!"

त्याने दुसऱ्या गाडीकडे बोट केलं.

"तो अरुंद हिला मिटून बघू दे," तो म्हणाला. "एकटीला."

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, तो तंबू कुणासाठी बघतोय ते.

झाकणाला पट्टा लोंबत होता. तिने तो धरून ओढला. झाकण अर्ध्यावर आलं. आणखी थोडा जोर लावला की येणार, हे हातांना कळलं, आणि तिने पट्टा सोडून दिला. झाकण सुस्कारा टाकून वर गेलं.

"नाही जमत."

"परत ओढ."

"खांदा दुखतोय रे."

"कुठला?"

"उजवा."

"ओढत तर डाव्याने होतीस."

दुकानदार पुढे झाला. "थांबा वहिनी, मी धरतो."

"तुम्ही राहू द्या हो," तो म्हणाला. "तुम्ही काय दर वेळी रानात जाणार आहात हिच्याबरोबर?" एवढ्या बोलण्यानेही त्याला दम लागला. धाप ओसरेपर्यंत तो थांबला. "मला बघायचंय गं. बाकी काही मागत नाही."

प्रयोगशाळेत तिने आजवर एक आकडा खोटा लिहिला नव्हता. इथे मात्र ती खोटं बोलत होती. दोघांचे हात लागणारा तंबू घेतला, तर त्याला राहावं लागेल, असं काहीतरी मनाने धरलं होतं. शाळेतल्या पोरानेही हसावं असा तर्क. ती मान वळवून त्याच्याकडे बघू लागली. दवाखान्यात रिपोर्टची वाट बघताना तो असाच बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून. तो रिपोर्ट बदलणं कुणाच्याच हातात नव्हतं.

तिने पट्टा मनगटाला गुंडाळला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. झाकण खाली आलं. बाहेर फुगलेलं कापड तिने एका हाताने आत कोंबलं, दुसऱ्याने खिटी लावली.

"गादीचा कोपरा बाहेर राहिलाय," तो म्हणाला.

तिने खिटी काढली, कोपरा आत सारला, झाकण पुन्हा ओढून खिटी लावली. या वेळी पहिल्याच झटक्यात.

"बास," तो म्हणाला, आणि किती आठवड्यांनी त्याचे खांदे सैल पडले. "आता बरं वाटलं. हाच द्या हो आम्हाला."

दुकानदार पावती करायला आत गेला. ती गाडीकडे तोंड करून तशीच उभी राहिली, लागलेली खिटी पुन्हा पुन्हा दाबून बघत.