कल्लाप्पास्वामीचं बाळसं

बंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांमागे एका पत्र्याच्या शेडसमोर दर मंगळवारी बायांची रीघ लागे. कडेवरची काटकुळी पोरं आत जात आणि काही दिवसांत गुबगुबीत दिसू लागत. शेडमधला कल्लाप्पास्वामी त्यांना वजनाच्या काट्यावर बसवी. वजन वाढलेलं दिसलं की बाया हात जोडत. "देवी अंगात भरतेय," असं तो कधी कानडीत सांगे, कधी मराठीत. समोर गिऱ्हाईक कोण आहे त्यावर देवीची भाषा ठरे. डाळ, दूध, अंडं वर्ज्य. पोराला फक्त पेज आणि स्वामीचं तीर्थ.

मथुराची दोन वर्षांची दिव्यश्रीही अशीच भरली. गाल फुगले, पाय गोल झाले. पण पोर हसेना, खेळेना, केस तांबूस होऊन गळू लागले. शेजारच्या गोदूबाईंचा नातू असाच भरता भरता गेला होता. त्याला देवीनं कौतुकानं नेलं, असं स्वामीनं सांगितलं होतं. ते आठवून मथुरा घाबरली आणि मुलीला डॉक्टर वीणांच्या पोषण केंद्रात घेऊन गेली.

मथुरानं सोबत आणलेलं तीर्थ वीणांनी चाखलं. खारट पाणी होतं ते. त्यांनी मुलीला औषधं आणि थोडं थोडं दूध सुरू केलं. मग भाजके शेंगदाणे, दूध पावडर, गूळ आणि तेल यांचं घट्ट वाटण. ते वस्तीतल्याच बाया केंद्रात तयार करत.

पहिल्याच आठवड्यात दिव्यश्रीचं वजन घटलं.

हे कळताच कल्लाप्पा माणसं घेऊन केंद्रावर आला. डॉक्टरीणबाईंनी पोरीतली देवी काढून घेतली, असं तो सगळ्यांना सांगू लागला. मथुराचा धीर सुटला. ती मुलीला उचलून निघाली.

वीणांनी तिला थांबवलं. गर्दीत एका बाईच्या कडेवर स्वामीच्या तीर्थानं भरलेलं मूल होतं. वीणा त्या बाईला म्हणाल्या,

"अक्का, याच्या पावलावर स्वल्प अंगठा दाबून धरा. आता सोडा."

खड्डा पडला, तो तसाच राहिला. मथुरानं दिव्यश्रीचं पाऊल दाबून पाहिलं. तिथे खड्डा नव्हता.

"ही सूज आहे," वीणा म्हणाल्या. "पोषण तुटलं की अंगात पाणी साचतं, मिठानं ते वाढतं. काट्यावर पाणीच चढत होतं. हिचं पाणी उतरलं, म्हणून वजन घटलं."

गोदूबाई पुढे आल्या. "माझा नातू सुजला होता, हे तुला ठाऊक होतं?"

देवी कोपेल, असं काहीतरी पुटपुटत कल्लाप्पा निघाला. पण लोकांनी त्याला वाटेतच अडवलं आणि पोलीस येईपर्यंत सोडलं नाही.

दिव्यश्री दोन महिन्यांत भिंतीला धरून चालू लागली. गोदूबाईंच्या नातवाला मात्र कोणी परत आणू शकलं नाही. कुपोषण हा कोप नाही, आजार आहे. त्याला अन्न लागतं आणि डॉक्टर लागतो. पोर सुजलं तर त्याला दवाखान्यात न्या, आणि तीर्थ देणाऱ्याला त्यात काय आहे ते विचारा.